गाव मोठं झालं, ग्रामसभा गेली; आता विचारायचं कुणाला?



आपल्यात बरीच कुटुंबं अशी आहेत, की ज्यांचा ऊस एका हद्दीत आणि बिऱ्हाड दुसऱ्या हद्दीत. शेत पंचायतीच्या गावात, थोरला मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि तिथंच दोन गुंठ्यांत बांधलेलं घर. गावाकडं नळाला पाणी आलं नाही तर सरपंचाच्या दारात जाऊन विचारता येतं. कुपवाडच्या घरासमोरची गटार तुंबली तर मात्र तोच माणूस गप्प बसतो. कारण विचारायचं कुणाला, हेच त्याला ठाऊक नसतं. फार तर शेजाऱ्याला म्हणतो, "म्हापालिका आहे न्हवं, करंल कवातरी."

हे 'कवातरी' कसं ठरतं, कोण ठरवतं आणि त्यात आपला हात कुठं पोचतो, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे. निमित्त कुपवाडचं घेतलं आहे. पण शहराच्या कडेला असलेल्या कोणत्याही गावाला आज ना उद्या हीच पाळी येणार आहे, म्हणून सर्वांनीच वाचावा.

हद्द कशी वाढली

१९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्या जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यातलं कुपवाड हे एक गाव. एका बाजूला सांगली, दुसऱ्या बाजूला मिरज, आणि मधल्या माळाला लागून हे गाव. माळावर औद्योगिक वसाहत आली, कारखाने उभे राहिले, कामगार आले, त्यांना राहायला जागा लागली. शेताचे प्लॉट झाले, बांधाचे रस्ते झाले. ग्रामपंचायत जाऊन नगरपालिका आली. पुढे ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली.

या महानगरपालिकेचं क्षेत्र ११८.१८ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५,०२,७९३ भरली. म्हणजे ज्या माणसाचा गावकारभार हाकेच्या अंतरावर होता, तो माणूस आपलं घर न हलवता पाच लाखांच्या शहराचा नागरिक झाला. घर तिथंच राहिलं, पण त्याच्या घराचे निर्णय घेणारी सभा सांगलीला गेली.

मोठ्या हद्दीचे फायदे नाहीत असं कोण म्हणेल? मोठी पाणीयोजना, अग्निशामक दल, कचऱ्याची व्यवस्था हे एकट्या लहान पंचायतीला झेपत नाही. कृष्णेचं पाणी उचलून, शुद्ध करून माळावर चढवायचं म्हणजे खर्चाचं काम. तेव्हा तक्रार हद्द वाढल्याची नाही. हद्द वाढताना एक गोष्ट मागं राहून गेली, तिच्याविषयी बोलायचं आहे.

काय मागं राहिलं?

ती गोष्ट म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. आजच्या तरतुदीप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. ग्रामसभेत प्रत्येक मतदार हा सभासद असतो. त्याला उभं राहून विचारता येतं, "मागल्या सालचा दिवाबत्तीचा पैसा कुठं गेला?" उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न चारचौघांत होतो. सरपंचाला तो ऐकावा लागतो आणि गावालाही तो कळतो.

गावाची नगरपालिका झाली की हा हक्क जातो. महानगरपालिका झाली की आणखी लांब जातो. तिथं सभा होते, ती निवडून आलेल्यांची. २०१८ च्या निवडणुकीत या महानगरपालिकेचे २० प्रभाग आणि ७८ जागा होत्या. म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. एका गटारीला चार मालक म्हटल्यावर काय होतं, ते सामाईक विहिरीवरच्या मोटारीचा अनुभव असलेल्याला वेगळं सांगायला नको. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

महानगरपालिकेची महासभा लोकांना बसून ऐकता येते, पण बोलता येत नाही. शहरातही ग्रामसभेसारखी काही सोय असावी म्हणून २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. पण ग्रामसभा जशी गावात रुजली, तशी क्षेत्रसभा शहरांत रुजली नाही.

आपल्या साखर कारखान्याशी ताडून बघा. वार्षिक सभेला पाच एकरवाला आणि पन्नास एकरवाला दोघांनाही एकच मत. अहवाल हातात असतो. ताळेबंदातल्या एका आकड्यावर आपला एखादा म्हातारा सभासद अर्धा तास अडून बसतो आणि संचालक मंडळाला उत्तर द्यावं लागतं. हे वळण आपल्याला सहकारानं लावलं. हाच माणूस शहराच्या दाराशी गेला की मुका का होतो? त्याला तिथली रीत माहीत नसते, एवढंच. म्हणून आधी रीत समजून घेऊ.

रोजचा कारभार असा चालतो

महानगरपालिका म्हटलं की डोळ्यांपुढं मोठी इमारत आणि गाड्या येतात. पण तिचा नव्वद टक्के कारभार म्हणजे साधी साधी कामं: जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटार, कचरा, बांधकाम परवाना, बाजारातल्या जागा, मोकाट कुत्री. यासाठी दर वेळी सांगली गाठायची गरज नाही. कुपवाडला प्रभाग कार्यालय आहे. सामान्य माणसाचं पहिलं दार तेच.

जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कायदा १९६९ चा. घटना घडल्यापासून २१ दिवसांत नोंद केली तर फी लागत नाही. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळ जिथं जन्मलं, तिथं नोंद होते. आईबापांचं राहतं घर कुठं आहे, हे त्यासाठी बघितलं जात नाही. सून गावची आणि बाळंतपण मिरजेच्या दवाखान्यात झालं, तर दाखला गावच्या पंचायतीत मिळत नाही. शाळेच्या वेळेला दाखल्यासाठी धावाधाव होते, ती बहुधा यातूनच.

घरपट्टीचं वर्ष दोन सहामाहींचं. पहिली १ एप्रिलपासून, दुसरी १ ऑक्टोबरपासून. बिल हातात आलं की आपण फक्त खालचा एकूण आकडा बघतो. वरच्या ओळीही वाचाव्यात. त्यातला सगळा पैसा महानगरपालिकेला राहत नाही. शिक्षण कर हा राज्य सरकारचा, १९६२ च्या कायद्यानं आलेला. दुकान, गोदाम अशी बिगर राहती जागा असेल तर रोजगार हमी कराची ओळ येते, तोही पुढं सरकारकडं जातो. जाता जाता सांगायचं म्हणजे ही रोजगार हमी योजना आपल्याच जिल्ह्यातली. वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला आणि मग ती साऱ्या महाराष्ट्राची झाली. त्यामुळं त्या ओळीकडं बघून कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. पण कोणता पैसा कुणाचा, हे कळलं पाहिजे.

पूर्वी शहरांच्या तिजोरीचा मोठा आधार जकात होती. शहराच्या वेशीवर नाका, नाक्यावर ट्रकांची रांग. जकात गेली, मग स्थानिक संस्था कर आला, त्यावर व्यापाऱ्यांची आंदोलनं झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि महानगरपालिकांना त्या बदल्यात राज्याकडून भरपाईचं अनुदान मिळू लागलं. याचा अर्थ काय? आपल्या हक्काचं उत्पन्न म्हणून शहराच्या हातात मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी उरली. म्हणून घरपट्टी थकवून पुन्हा गटारीची तक्रार करायला जाणं म्हणजे सोसायटीचं पीककर्ज थकवून नव्या कर्जासाठी सचिवाशी भांडण्यासारखं आहे. आधी आपली बाजू चोख पाहिजे.

दिवा कुणाचा, खांब कुणाचा?

पुष्कळ तक्रारी चुकीच्या दारात गेल्यामुळं मरतात. गल्लीतला दिवा बंद असेल तर दिवा महानगरपालिकेचा, पण तारेतून वीजच येत नसेल तर काम महावितरणचं. घरासमोरचा रस्ता महानगरपालिकेचा, पण त्याच रस्त्यानं पुढं गेलात की तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो. औद्योगिक वसाहतीतल्या भूखंडाचा बांधकाम परवाना मागायचा तो औद्योगिक विकास महामंडळाकडं. एका खड्ड्यासाठी माणूस तीन कचेऱ्या फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी ऐकतो, "हे आमच्याकडं येत न्हाई."

यावर उपाय एकच. अर्ज तोंडी करू नये. लेखी द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. काम आपल्याकडं नाही असं उत्तर असेल तर तेही लेखी मागावं. आपण ऊस वजनकाट्यावर नेतो. काट्याची पावती घेतल्याशिवाय गाडी खाली करतो का? मग कागद देताना पोच न घेता का यावं? पोच नसलेला अर्ज म्हणजे पावती नसलेला ऊस. गेला तो गेला.

पोच हातात असली की पुढचे हक्क आपोआप उभे राहतात. २०१५ च्या सेवा हमी कायद्यानं ठरावीक सेवांना मुदत घातली आहे. दाखले, उतारे, नळजोडणी अशा अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बाकी माहितीसाठी २००५ चा माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

गुंठ्याचं दुखणं

कुपवाडचं आणि सांगलीच्या उपनगरांचं खरं दुखणं गुंठेवारीचं आहे, आणि यात आपण शेतकरी मंडळी अंग झटकू शकत नाही. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. कामगाराला बिगरशेती मंजूर प्लॉट परवडत नव्हता. शेतकऱ्याला अडचणीत पैसा हवा होता. मग दोन गुंठे, तीन गुंठे असे तुकडे विकले गेले. कागद झाला, पण नकाशा मंजूर झाला नाही. रस्त्याला जागा सुटली ती बैलगाडीपुरती. गटारीला सुटली नाही, मैदानाला तर नाहीच.

लोक राहायला आले, मुलं मोठी झाली, मतदारयादीत नावं आली. पण घर कागदावर नियमात बसेना. हा प्रश्न राज्यभर होता, तरी सांगलीकडं तो फार मोठा. त्यातून २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वसाहती त्यात येत होत्या. २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं विचारात घेण्याची वाट मोकळी झाली. नियमित करून घ्यायचं तर अर्ज, मोजणी, नकाशा आणि विकास शुल्क लागतं. ते शुल्क त्याच वसाहतीच्या रस्ते-गटारीसाठी असतं, हे पुष्कळांना माहीत नाही. तेव्हा भरलेल्या शुल्काचं काय झालं हे विचारण्याचा पहिला हक्क भरणाऱ्याचा आहे.

आणि एक विनंती विकणाऱ्यांना. शहराकडेची जमीन विकायची वेळ येते, येऊ नये पण येते. तेव्हा निदान नऊ मीटरचा रस्ता सोडून, परवानगी घेऊन विका. आज वाचवलेल्या चार गुंठ्यांची भरपाई घेणाऱ्याची नातवंडं पावसाळ्यात चिखल तुडवून करतात.

नोंद नाही तर तोड नाही

आता मुख्य मुद्दा. उसाची लागण केली आणि नोंद द्यायला विसरलो तर काय होतं? ऊस कितीही जोमदार असो, तोडणीच्या यादीत नाव नाही. शेतकी खात्यात कितीही ओळख काढा, आधी नोंदीची तारीख बघतात. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचं तसंच आहे. ज्या कामाला अंदाजपत्रकात तरतूद नाही, त्या कामाची निविदा निघत नाही. नगरसेवक हो म्हणाले, इंजिनिअर येऊन फीत लावून गेले, तरी पैशाचं शीर्ष नाही म्हटलं की कागद तिथंच थांबतो. मग ऐकावं लागतं, "पुढच्या वर्षी बघू."

तरतुदीची रीत अशी. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढं ठेवतात. ही समिती सोळा सदस्यांची, तिथं फेरबदल होतात. मग ते महासभेपुढं जातं आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होण्यापूर्वी मंजूर व्हावं लागतं. म्हणजे गल्लीतल्या गटारीचं नाव यादीत घालायचं असेल तर मागणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कचेरीत पोचली पाहिजे. नेमका तेव्हाच आपला गळीत हंगाम भरात असतो. माणूस टोळीच्या, ट्रॅक्टरच्या मागं. हंगाम संपून सवड मिळते तेव्हा अंदाजपत्रक मंजूर झालेलं असतं. पहिल्या पावसात पाणी घरात शिरतं, आपण चिडतो, पण यादी बंद झालेली असते. दर वर्षी हेच.

म्हणून हे काम घरातल्या कुणातरी एकाकडं कायमचं सोपवावं. शिकलेली सून, कॉलेजला जाणारी मुलगी यांनी केलं तर अधिक चांगलं. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, बंद दिवा यांचा अनुभव तर घरोघरच्या महिलांनाच जास्त. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांनी सह्या करून एकच मागणी द्यावी. दहा मागण्यांचा एक कागद दहा टेबलांवर फिरतो. एका मागणीचा कागद एकाच टेबलावर जातो.

सभागृह नसतं तेव्हा

याच महानगरपालिकेच्या अनुभवानं आणखी एक गोष्ट शिकवली. २०१८ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. राज्यभर निवडणुका लांबल्या होत्या, त्यामुळं कारभार प्रशासकाकडं गेला. स्थायी समिती नाही, महासभा नाही. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. प्रशासकाच्या काळात कामं होत नाहीत असं नव्हे, काही तर लवकर होतात. पण कोणतं काम आधी आणि कोणतं मागून, यावर चारचौघांत वाद होत नाही. राज्यातल्या महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं, तोवर हे असंच चाललं होतं.

आपल्या सहकारातही प्रशासक आलेल्या संस्था आपण पाहिल्या आहेत. तेव्हा सभासद काय म्हणतात? "आपलं मंडळ चांगलं असो की वाईट, पण विचारायला माणूस तरी होता." गावकारभाराचंही तेच आहे. मत दिल्यावर पाच वर्षं झोपायचं, हा आपल्या चळवळीचा स्वभाव नव्हे.

तेव्हा एवढं करावं. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि चारही सदस्यांची नावं घरात लिहून ठेवावीत. घरपट्टी वेळेवर भरून पावत्या एका फाइलीत लावाव्यात. वर्षातून एकदा तरी महासभा ऐकायला जावं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्यापासून ऐनवेळच्या विषयांपर्यंत काय काय होतं ते डोळ्यांनी बघावं. ऐनवेळच्या विषयांकडं विशेष लक्ष द्यावं, कारण जे आधी सांगायचं नसतं ते पुष्कळदा तिथं येतं. आणि दिवाळी झाली की गल्लीची एक मागणी लिहून, सह्या घेऊन, प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

ज्यांची गावं अजून पंचायतीत आहेत, त्यांना वेगळं सांगायचं आहे. तुमची ग्रामसभा अजून आहे, ती ओस पाडू नका. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली ग्रामसभा ही गावानं आपण होऊन सोडलेली जागा असते. उद्या हद्दवाढीत गाव गेलं, तर ती परत मिळणार नाही. आणि ज्यांची गेली आहे, त्यांनी गल्लीची सभा स्वतः भरवावी. त्याला कुणाचा कायदा लागत नाही. एक सतरंजी, दहा घरं आणि एक कागद पुरे.